गेलेला हात आणि राहिलेला नकाशा

शास्त्रीय विषयावरील ग्रंथाची परीक्षा वाङ्मयाच्या मासिकांत कशासाठीं, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. शास्त्राचें खरेंखोटें शास्त्रज्ञांनीं ठरवावें आणि भाषेचें बरेंवाईट टीकाकारांनीं, ही वांटणी दिसावयास सोपी आहे. परंतु एखादा सिद्धांत प्रयोगशाळेंतून निघून सुशिक्षितांच्या घरांत शिरतो तेव्हां तो आंकड्यांच्या पायांनीं चालत येत नाहीं. तो उपमेच्या पालखींत बसून येतो. पालखी सुंदर असली म्हणजे आंत कोण बसलें आहे याची चौकशी करण्याचें भान कोणास राहत नाहीं. ती चौकशी करणें हें टीकाकाराचेंच काम होय. आणि ज्या ग्रंथाविषयीं आज आम्ही लिहीत आहों त्याच्या बाबतींत तर तें फार दिवस राहून गेलेलें काम आहे.

हा ग्रंथ म्हणजे डॉ. विलयनूर रामचंद्रन् यांनीं सँड्रा ब्लेकस्ली या लेखिकेच्या साहाय्यानें लिहिलेला व १९९८ सालीं प्रसिद्ध झालेला ‘फँटम्स इन द ब्रेन’. डॉ. रामचंद्रन् हे जन्मानें तामिळनाडूचे. मद्रासेस वैद्यक शिकून ते पुढील अभ्यासासाठीं केंब्रिजला गेले आणि कॅलिफोर्नियांतील सॅन दिएगो येथील विद्यापीठांत मेंदूच्या शास्त्राचे अध्यापक म्हणून नांवारूपास आले. ग्रंथांतील विषय अनेक आहेत. परंतु वाचकांच्या स्मरणांत राहिला आहे तो आरंभींच्या प्रकरणांतला. हात तुटून गेलेल्या माणसास तो हात अजून आहे असें कां वाटतें? आणि हाताकडे हुकूम पाठविणारें व हाताची वर्दी घेणारें जें मेंदूंतील क्षेत्र, त्याचें हात गेल्यावर काय होतें? या एवढ्याच प्रश्नापुरती आम्ही आमची परीक्षा मर्यादित ठेवणार आहों.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. इंग्रजींत या अनुभवास ‘फँटम लिंब’ म्हणतात. त्यासाठीं मराठींत भुताच्या कुळांतला एखादा शब्द घेणें सोपें आहे. पण आम्ही ‘छायाहस्त’ हा शब्द वापरणार आहों. भूत म्हटलें कीं मूळ माणूस मेला असें ठरूनच जातें. छाया म्हटली म्हणजे ती पाडणारी वस्तु कोठें तरी आहे असें मानावें लागतें. या दोहोंपैकीं खरें काय, हाच या वादांतील मुख्य मुद्दा असल्यामुळें शब्द निवडतांना सावध राहिलेलें बरें.

अनुभव स्वतः फार जुना आहे. सोळाव्या शतकांतील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे यानें तो नमूद करून ठेविला आहे. १७९७ सालीं टेनेरिफच्या स्वारींत उजवा हात गमावलेल्या नेल्सननें, हात नसतां जर हात जाणवतो तर देह नसतां आत्मा कां नसावा, असें त्यावरून अनुमान काढल्याचें सांगतात. परंतु सामान्य वाचकांपुढें हा विषय प्रथम आला तो एका वाङ्मयीन मासिकांतून, ही गोष्ट आमच्या वाचकांस मौजेची वाटेल. १८६६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ‘अटलँटिक मंथली’ या मासिकांत ‘द केस ऑफ जॉर्ज डेड्लो’ ही कथा निनांवी छापली गेली. तिचे लेखक फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल हे होते. अमेरिकेंतील यादवी युद्धांत मज्जातंतूंस जखमा झालेल्या शिपायांवर त्यांनीं वर्षानुवर्षें उपचार केले होते. कथेंतील डेड्लो दोन्ही हात व दोन्ही पाय गमावतो, आणि गेलेले अवयव त्यास कसे जाणवतात याचें मोठें सूक्ष्म वर्णन करतो. शेवटीं मृतात्म्यांस बोलावणाऱ्या मंडळींच्या बैठकींत, सरकारी संग्रहालयांत मद्यार्कांत घालून ठेविलेले त्याचे पाय त्यास परत येऊन भेटतात, आणि तो क्षणभर त्यांवर चालतो! शेवट इतका अद्भुत असतांहि पुष्कळ वाचकांनीं ती हकीगत खरी मानली. कित्येकांनीं डेड्लोच्या मदतीसाठीं पैसेहि पाठविले. पुढें १८७१ सालीं मिचेल यांनीं उघडपणें याच विषयावर लेख लिहून ‘फँटम लिंब’ हें नांव रूढ केलें.

येथें वाचकांनीं कल्पितास सत्य मानलें खरें. पण त्या कल्पितांतील निरीक्षण खरें होतें. १९९८ च्या ग्रंथाच्या बाबतींत याच्या नेमकें उलट घडलें असें आमचें म्हणणें आहे. ग्रंथ सत्य घटनांचा होता, त्यांतील रुग्ण खरे होते, प्रयोग खरे होते. पण वाचकांनीं त्यांतून उचललें तें एक रूपक, आणि तेंच सत्य म्हणून घरीं नेलें.

तें रूपक समजण्यास मेंदूच्या नकाशाची कल्पना असणें अवश्य आहे. कॅनडांतील माँट्रियल येथील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड हे अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूस स्वतःस वेदना होत नाहीं. म्हणून रोग्यास जागें ठेवून, केवळ कवटीवरील त्वचा बधिर करून, मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा अगदीं सौम्य स्पर्श करतां येतो. पेनफील्ड यांस असें आढळलें कीं, मेंदूच्या मध्यावर कानाच्या दिशेनें उतरणारी जी एक घळ आहे तिच्या पुढल्या कांठावर स्पर्श केला म्हणजे कोठें आंगठा हालतो, कोठें ओंठ. आणि मागल्या कांठावर स्पर्श केला म्हणजे त्या त्या अवयवास कांहीं लागल्यासारखें रोग्यास वाटतें. पुढला कांठ हुकुमाचा, मागला वर्दीचा. १९३७ सालीं बोल्ड्रे यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधांत पेनफील्ड यांनीं हे सर्व अवयव ओळीनें मांडून दाखविले, तेव्हांपासून मेंदूवर आडवा पसरलेला तो वेडाविद्रा बाहुला पाठ्यपुस्तकांत येऊन बसला आहे. त्याचे हात सुपाएवढे, ओंठ त्याहून जाड आणि धड अगदीं किरकोळ. कारण ज्या अवयवाचें काम नाजूक त्यास मेंदूंत जागा अधिक. आणखी एक गोष्ट त्यांत दिसते. देहावर हात आणि तोंड यांमध्यें बरेंच अंतर आहे. पण या बाहुल्यांत हाताच्या खालीं लागूनच तोंड आहे. पुढचा सारा वाद या शेजारांतून निघालेला आहे.

आतां ग्रंथाकडे वळूं. त्यांतील टॉम नांवाच्या तरुणाची हकीगत ज्यानें एकदां वाचली तो ती विसरणार नाहीं. मोटारीच्या अपघातांत टॉमचा एक हात गेला आहे. डॉ. रामचंद्रन् त्याचे डोळे बांधतात, काडीस गुंडाळलेला कापूस घेऊन त्याच्या अंगावर ठिकठिकाणीं टेकवितात आणि काय वाटतें तें विचारतात. गालास स्पर्श होतो, तेव्हां टॉम म्हणतो कीं गालास तर लागलेंच, पण नसलेल्या आंगठ्यासहि लागलें! वरच्या ओंठास स्पर्श होतांच तर्जनी जागी होते. लाखों रुपयांचें यंत्र नाहीं, कसलें अवडंबर नाहीं. एक कापसाची काडी आणि एक नेमका प्रश्न. हें दृश्य रंगवितांना ग्रंथकारांनीं जो संयम आणि जी विनोदबुद्धि दाखविली आहे ती शास्त्रीय लेखनांत विरळा आढळते. ‘शास्त्र म्हणजे उपकरणें नव्हेत, शास्त्र म्हणजे विचारणें’ हा धडा शेंकडों व्याख्यानांनीं मिळाला नसता तो या दोनचार पृष्ठांनीं मिळतो. ग्रंथाच्या या गुणाविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं.

दुसरी हकीगत फिलिप या नांवानें येते. त्याचा हात आधीं अपघातानें लुळा पडला, आणि वर्षभरानें तो कापून टाकावा लागला. पण छायाहस्तहि लुळाच राहिला. ग्रंथकारांचा तर्क असा कीं, मेंदूंतील चालक क्षेत्र हाताला ‘हाल’ म्हणून हुकूम देई आणि डोळे ‘हात हालला नाहीं’ म्हणून वर्दी देत. असें पुनःपुन्हां होतां होतां हात लुळा असल्याची समजूतच मेंदूंत मुरली, आणि हात गेल्यावरहि ती गेली नाहीं. मग त्यांनीं एका खोक्यांत उभा आरसा बसवून त्यांत चांगल्या हाताचें प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागीं दिसेल अशी योजना केली. चांगला हात हालवितांच फिलिपला आपला गेलेला हातहि हालतांना दिसला, आणि वर्षानुवर्षें थिजलेला छायाहस्त मोकळा झाला. डोळे मिटतांच तो पुन्हां थिजला! तीन आठवडे घरीं सराव केल्यानंतर छायाहस्त बहुतेक नाहींसा झाला. खांद्याशीं लोंबणारीं बोटें तेवढीं उरलीं. ही कथा वाचून ज्याचें मन हेलावत नाहीं त्याच्या रसिकतेविषयीं आम्हांस शंका येईल.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु या दोन हकीगतींमधून जो सिद्धांत वाचकांच्या हातीं येतो तो असा: हात गेल्यावर मेंदूंतील त्याचें क्षेत्र ओसाड पडतें, शेजारचें तोंड ती जमीन बळकावतें, म्हणून तोंडास स्पर्श झाला म्हणजे गेलेला हात जागा होतो. आपल्याकडे बांध कोरणारा शेजारी प्रत्येक गांवांत असतो. पडीक जमीन दिसली कीं तीवर नांगर फिरवावयाचा, आणि बारा वर्षांनीं वहिवाट सांगावयाची, हा प्रकार आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. त्यामुळें ‘तोंडानें हाताची जागा घेतली’ हें वाक्य ऐकतांच तें पटतें. तें पटण्यास पुरावा लागत नाहीं. अनुभव आधींच घरांत बसलेला असतो. रूपकाचें बळ तें हें, आणि धोकाहि हाच.

सिद्धांतास आधार नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. १९८४ सालीं मर्झेनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माकडाचें एखादें बोट काढल्यावर त्या बोटाच्या जागेंत लगतच्या बोटांचें क्षेत्र पसरतें असें दाखविलें होतें. तेथें बांध सरकला तो एकदोन मिलिमीटरच. १९९१ सालीं पॉन्स प्रभृतींनीं, ज्यांच्या हाताकडून येणारे संवेदनेचे मज्जातंतु दशकाहून अधिक काळापूर्वीं तोडले होते अशा माकडांच्या मेंदूंत, हाताच्या क्षेत्रांतील पेशी तोंडाच्या स्पर्शास प्रतिसाद देतात असें नोंदविलें, आणि हें अंतर सेंटिमीटरांत मोजावें लागलें. डॉ. रामचंद्रन् यांनीं कापसाची काडी हातीं घेतली ती हा निबंध वाचूनच. पुढें १९९५ सालीं जर्मनींतील हेर्टा फ्लोर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, तोंडाची सरहद्द जितकी अधिक सरकलेली दिसते तितकी छायाहस्ताची वेदना अधिक, असा संबंध दाखविला. इतके साक्षीदार एका बाजूस उभे असतां निकाल लागला असें वाटल्यास नवल नाहीं. शिवाय हें नवें फुटलेल्या तंतूंचें काम आहे, कीं पूर्वींपासूनच असलेल्या पण दबून राहिलेल्या जोडण्या उघड्या पडल्याचा परिणाम आहे, असा विकल्प ग्रंथकारांनीं स्वतःहि ठेविला होता. तो विकल्प वाचकांच्या ध्यानांत राहिला नाहीं. बांध कोरणारा शेजारी तेवढा राहिला.

आतां या साक्षींची उलटतपासणी करूं. या सर्व प्रयोगांत प्रश्न कोणास विचारला होता? तोंडास. ओंठ हालविले, गालास स्पर्श केला, आणि हाताच्या क्षेत्रांत कांहीं चळवळ होते काय हें पाहिलें. ती दिसली, म्हणजे घर शेजाऱ्याचें झालें असें ठरलें. पण मूळ मालक घरांत आहे कीं नाहीं, हें त्याच्या दारावर थाप मारून कोणीं पाहिलें नव्हतें! गुंगी दिलेल्या माकडास ‘तुझा नसलेला हात हालव’ असें सांगतां येत नाहीं, हें खरें. पण माणसास सांगतां येतें. आणि हात गमावलेल्या माणसांपैकीं पुष्कळांस आपला छायाहस्त इच्छेनुसार, जरी जड व मंद, तरी हालवितां येतो.

ही थाप मारणाऱ्यांत तामार मेकिन या संशोधिकेचें नांव प्रमुख आहे. २०१३ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, हात गमावलेल्या माणसांस छायाहस्त हालविण्यास सांगून त्याच वेळीं चुंबकीय यंत्रानें त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या होत्या. हाताचें क्षेत्र ओसाड नव्हतें. तें हाताचेंच काम करीत होतें. इतकेंच नव्हे, तर ज्यांस छायाहस्ताची वेदना अधिक त्यांच्यांत तें अधिक जागें आढळलें, म्हणजे १९९५ च्या निष्कर्षाच्या नेमकें उलट. २०१६ सालीं त्यांच्याच मंडळींनीं एकेक बोट हालवावयास सांगून पाहिलें, तेव्हां हात जाऊन दशकें लोटलेल्या व्यक्तींच्या मेंदूंतहि बोटांचा क्रम शाबूत सांपडला.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हात जाण्यापूर्वीं त्या माणसाचा नकाशा कसा होता हें ठाऊक नसतां, नंतरचा नकाशा बदलला कीं नाहीं हें सांगणार कसें? दुसऱ्या धडधाकट माणसाशीं तुलना करणें म्हणजे एकाचा जमाखर्च दुसऱ्याच्या वहीवरून तपासणें होय. या आक्षेपास उत्तर मिळालें तें २०२५ सालीं. मेकिनबाई व अमेरिकेंतील त्यांचे सहकारी यांनीं, वैद्यकीय कारणानें ज्यांचा हात काढावा लागणार असें आधींच ठरलें होतें अशा तीन व्यक्ती निवडल्या. शस्त्रक्रियेपूर्वीं त्यांस बोटें हालविण्यास व ओंठ मुरडण्यास सांगून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. आणि हात गेल्यानंतर पांच वर्षांपर्यंतच्या अवधींत, छायाहस्ताचीं बोटें हालवावयास सांगून, त्या पुन्हां घेतल्या. दोन्ही नकाशे विलक्षण सारखे निघाले. पूर्वींच्या प्रतिमांवरून ज्या गणितयंत्रास बोटें ओळखावयास शिकविलें होतें, त्यानें नसलेल्या हाताचीं बोटेंहि ओळखलीं. आणि ओंठांनीं आपली हद्द ओलांडलेली दिसली नाहीं. तीन ही संख्या लहान आहे हें आम्ही जाणतों. परंतु येथें प्रत्येक व्यक्ति स्वतःच स्वतःची साक्षीदार आहे. आणि ज्यांचा हात जाऊन पुष्कळ वर्षें झालीं अशा इतर अनेकांच्या प्रतिमांशींहि हा निष्कर्ष जुळतो.

चालक क्षेत्रापुरतें पाहिलें तर हें आणखी स्पष्ट होतें. २००६ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं कवटीवरून चालक क्षेत्रास चुंबकाचा झटका दिला, तेव्हां रुग्णांस आपला छायाहस्त हालल्यासारखें वाटलें. ज्या हालचाली त्यांस इच्छेनें करतां येत नव्हत्या अशा कांहीं हालचालीहि जाणवल्या. हुकुमाची वही म्हणजे जागेवर आहे. हुकूम घेऊन जाणाऱ्याची वाट तेवढी तुटली आहे. छायाहस्त हालविणें ही नुसती कल्पना होय असें म्हणावें, तर तेंहि टिकत नाहीं. कारण हालविणें व हालविल्याची कल्पना करणें यांच्या प्रतिमा निराळ्या येतात, आणि छायाहस्त हालवितांना उरलेल्या थोट्या भागांतील स्नायु निराळ्या ढंगानें आकुंचन पावतात.

मग टॉमच्या गालाचें काय? तो खोटें बोलत होता काय? मुळींच नाहीं. त्याचें उत्तर शोधण्याचा एक मार्ग आपल्याच देशांतून निघाला आहे. हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदु संशोधन केंद्रांत नीरज जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, पृष्ठरज्जूस इजा झालेल्या माकडांवर केलेलें संशोधन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. त्या माकडांतहि हाताच्या क्षेत्रांत तोंडाचा प्रतिसाद उमटत होता. पण मेंदूच्या खालच्या देंठांत, जेथें हाताच्या तंतूंचा पहिला मुक्काम असतो आणि तोंडाच्या तंतूंचा मुक्काम लगतच असतो, तेथील हाताचें केंद्र तात्पुरतें बंद करतांच वरचा तो प्रतिसाद नाहींसा झाला. शेताच्या उपमेनेंच सांगावयाचें तर, वरच्या शेताचा बांध कोणीं कोरलाच नव्हता. पाणी खालीं पाटाच्या तोंडाशींच एका चारींतून दुसरींत झिरपत होतें, आणि तें जुन्याच चारीनें वर येऊन पोहोंचत होतें. माकडांवरून माणसांविषयीं बोलतांना जपून बोललें पाहिजे. तथापि टॉमचा अनुभव खरा धरूनहि ‘बळकावणें’ खोटें ठरूं शकतें, एवढें यावरून दिसतें.

आम्ही एका रूपकाच्या जागीं दुसरें रूपक बसवून ‘कांहींच बदलत नाहीं’ असें म्हणावयास निघालों आहों, असें मात्र कोणीं समजूं नये. हात गेल्यावर बदल होतात. थोट्या भागाच्या स्नायूंस चालक क्षेत्रांतून अधिक सहज जागें करतां येतें, हें १९९१ पासून नमूद आहे. उरलेल्या हातावर दोन हातांचें काम पडतें, आणि त्याच्या हालचालीचे पडसाद गेलेल्या हाताच्या क्षेत्रांत उमटूं लागतात. फ्रान्समध्यें दोन्ही हात गमावलेल्या एका गृहस्थास मृत दात्याचे हात बसविल्यावर हालचालीचें ठिकाण मूळ स्थळाकडे परत सरकलें, असा वृत्तांत २००१ सालीं आला होता. तो बदलाच्या पक्षाचा बळकट पुरावा मानला जातो. आम्हांस मात्र त्यांतून असेंहि दिसतें कीं, परत जावयास मूळ स्थळ उरलें होतें. सर्वांत बोलका फरक दिसतो तो जन्मतःच हात नसलेल्या माणसांत. तीं माणसें पायानें, तोंडानें, दंडानें कामें करतात, आणि २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत त्यांच्या मेंदूंतील हाताच्या क्षेत्रांत या अनेक अवयवांचें काम चाललेलें आढळलें. म्हणजे मेंदु लवचिक नाहीं असें नव्हे. ज्या घरांत कोणी कधीं राहिलेंच नाहीं तें इतरांच्या उपयोगीं पडतें. पण ज्या घरांत कोणी वीस-पंचवीस वर्षें संसार केला, त्याच्या भिंतींवरील खुणा तो गेल्यावरहि पुसत नाहींत.

या सर्वाचें महत्त्व पंडितांच्या वादापुरतें आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ऊस गाळण्याचा चरक, मळणीचें यंत्र, कारखान्यांतील दाबयंत्र, आगगाडीचें चाक, यांनीं हात नेलेलीं माणसें आपल्या आसपास आहेत. असा माणूस ‘माझा गेलेला हात खाजतो, बोटें वळतात, रात्रीं झोंप लागत नाहीं’ असें सांगूं लागला म्हणजे घरचीं माणसें ‘भास आहे, मनावर घेऊं नये’ असें म्हणून त्याची समजूत घालतात. भास हा शब्द प्रेमानें उच्चारला तरी त्याचा अर्थ ‘तुझें म्हणणें खरें नाहीं’ असाच होतो, आणि तो माणूस दुसऱ्या दिवसापासून बोलेनासा होतो. या मौनांतून त्यास बाहेर काढण्याचें मोठें पुण्य डॉ. रामचंद्रन् यांच्या ग्रंथानें केलें आहे. तुझी वेदना खरी आहे व तिचें स्थान मेंदूंत आहे, असें त्यानें निःसंदिग्धपणें सांगितलें. पण त्याच ग्रंथाच्या रूपकानें त्या माणसास दुसरी एक वार्ता कळविली: तुझ्या हाताची जागाहि आतां तुझ्या हाताची राहिली नाहीं. हात गेला, आणि हाताचें घरहि गेलें!

ही दुसरी वार्ता खोटी असेल तर ती शक्य तितक्या लवकर मागें घेतली पाहिजे, कारण तिच्यावर उपचारांची दिशा अवलंबून आहे. विस्कटलेला नकाशा पूर्ववत् करणें हेंच वेदनेवरील औषध, या समजुतीनें कित्येक उपाय योजले गेले. आरशाचा उपाय कित्येकांस लागू पडतो. २००७ सालीं पाय गमावलेल्या अमेरिकन रुग्णांवर झालेल्या चांचणींत झांकलेल्या आरशापेक्षां उघड्या आरशानें वेदना अधिक कमी झाली. पुढील अनुभव मात्र संमिश्र आहे. औषध लागू पडलें म्हणून निदान खरें ठरतें असें नाहीं, हें आपल्या वैद्यांस ठाऊकच आहे. नकाशा जर मुळांत विस्कटलेलाच नसेल, तर वेदनेचें मूळ तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोंकांशीं व इतरत्र शोधणें भाग आहे, आणि तो शोध अजून चालू आहे. दुसरी बाजू आशेची आहे. शिकागोचे डॉ. टॉड कायकेन यांनीं २००२ च्या सुमारास हाताकडे जाणारे मज्जातंतु छातीच्या स्नायूंकडे वळविण्याची शस्त्रक्रिया प्रचारांत आणली. अशा माणसानें ‘मूठ मिटावी’ असें मनांत आणतांच छातीचा एक स्नायु आकुंचन पावतो, त्याची विजेची खूण टिपली जाते आणि कृत्रिम हात मूठ मिटतो. त्या जागच्या त्वचेस स्पर्श केला तर गेलेल्या हातास स्पर्श झाल्यासारखें वाटतें. हाताचें क्षेत्र तोंडानें गिळलें असतें तर हा हुकूम दिला कोणीं? कृत्रिम हात घडविणाऱ्यांचा सारा भरंवसा याच गोष्टीवर आहे कीं, हुकूम देणारा अजून जागेवर आहे.

ग्रंथाविषयीं आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. निरीक्षणाच्या बाबतींत तो पहिल्या प्रतीचा आहे, कथनाच्या बाबतींत क्वचित् आढळणारा आहे, आणि माणुसकीच्या बाबतींत अनुकरणीय आहे. त्याचा दोष असा कीं, जें अनुमान त्यानें चार अनुमानांपैकीं एक म्हणून मांडावयास हवें होतें, त्यास त्यानें सर्वांत चांगलें वस्त्र नेसविलें. वाचकांनीं वस्त्रावरून मान दिला. पंचवीस वर्षें तें अनुमान पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून मिरवलें, आणि त्यास उठविण्यास किती साक्षीदार लागले तें वर आलेंच आहे. मराठींत शास्त्रीय विषय सुबोध करून सांगणाऱ्या लेखकांस आमची विनंति आहे कीं, उपमा अवश्य द्यावी. तिच्यावांचून आमच्यासारख्यांचें चालणार नाहीं. पण उपमा देतांना तिच्यांतील कोणता भाग निरीक्षणाचा आणि कोणता सोयीचा, हें त्याच वाक्यांत नसलें तरी त्याच पृष्ठावर सांगावें.

आणि उपमाच हवी असेल तर ती आपल्या भाषेंत आधींपासून आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, ही म्हण आपण हट्टी माणसास हिणवण्याकरितां वापरतों. हात गेलेल्या माणसाच्या मेंदूविषयीं ती अक्षरशः खरी ठरूं पाहत आहे, आणि येथें तिच्यांत हिणवण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या नात्यांतला किंवा शेजारचा असा कोणी गेलेल्या हाताविषयीं बोलूं लागला, तर आमच्या वाचकांनीं ‘भास’ हा शब्द तेवढा उच्चारूं नये. तो हात आतां कसा आहे, बोटें मिटतात कीं उघडतात, हें त्यास विचारावें, आणि तो काय सांगतो तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.